कर्करोगासारख्या दिसणाऱ्या किडनीच्या गाठी

किडनीतली गाठ हल्ली बहुतेक वेळा कोणी शोधत नसतानाच सापडते. पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायला सोनोग्राफी केली, कंबरदुखीसाठी एमआरआय काढला, किंवा कंपनीच्या वार्षिक तपासणीत पोटाची सोनोग्राफी होती म्हणून करून घेतली, आणि रिपोर्टच्या शेवटी एका किडनीत दोन-अडीच सेंटिमीटरची भरीव गाठ असल्याची नोंद आली. रुग्णाला त्रास काहीच नसतो. लघवीतून रक्त गेलेलं नसतं, कूस दुखलेली नसते, वजन उतरलेलं नसतं. मग सीटी स्कॅन होतो आणि त्याच्या रिपोर्टात 'रीनल सेल कार्सिनोमाची शक्यता' असे शब्द येतात. त्या संध्याकाळपासून घरात दुसरा विषय उरत नाही.

ही शक्यता खरी असते आणि ती कोणी झटकून टाकू नये. किडनीतली काँट्रास्ट शोषून घेणारी भरीव गाठ बहुधा कर्करोगाचीच निघते. पण 'बहुधा' या शब्दात किती जागा शिल्लक आहे, हे रुग्णाला क्वचितच कोणी आकड्यांत सांगतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळात काढलेल्या २,९३५ भरीव गाठींचा हिशेब २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे ८७ टक्के कर्करोगाच्या होत्या, १३ टक्के साध्या. आकारानुसार विभागणी केल्यावर मात्र चित्र बरंच वेगळं दिसलं. एक सेंटिमीटरहून लहान गाठींपैकी ४६ टक्के साध्या होत्या. एक ते चार सेंटिमीटरमध्ये साधारण पाचातली एक साधी होती, आणि सात सेंटिमीटरच्या पुढे जेमतेम सोळातली एक. या सगळ्या गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या होत्या. म्हणजे ज्या साध्या निघाल्या, त्यांच्यासाठीही माणूस ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता, आणि गाठ साधी असल्याचं त्याला नंतर कळलं.

असं का होतं, हे समजण्यासाठी स्कॅनला नेमकं काय दिसतं ते पाहायला हवं. सीटी स्कॅनला पेशी दिसत नाहीत. त्याला ऊतकाची घनता कळते, आणि शिरेतून दिलेलं काँट्रास्ट गाठीत किती वेगाने शिरतं आणि किती वेगाने बाहेर पडतं ते कळतं. किडनीच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, क्लिअर सेल, आपल्यासाठी भरपूर नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेतो. म्हणून तो काँट्रास्ट दिल्याबरोबर झगमगतो. पण ज्या ज्या गाठीला भरपूर रक्तपुरवठा आहे ती प्रत्येक गाठ अशीच झगमगणार. स्कॅन वाचणारा डॉक्टर त्यावरून शक्यता सांगतो. निदानाचा शिक्का पॅथॉलॉजिस्टच मारू शकतो.

खुद्द पॅथॉलॉजीचाही या अवयवाच्या बाबतीत मोठा गोंधळ झालेला आहे. १८८३ साली पॉल ग्राविट्झ या जर्मन पॅथॉलॉजिस्टने किडनीतल्या पिवळसर गाठी तपासल्या. त्यांच्या पेशींत चरबी होती आणि त्या किडनीच्या माथ्यावर बसणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीसारख्या दिसत होत्या. गर्भावस्थेत त्या ग्रंथीचे तुकडे किडनीत अडकून राहतात आणि त्यांतून या गाठी वाढतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यातून 'हायपरनेफ्रोमा' हे नाव रूढ झालं. त्या गाठी किडनीच्याच नलिकांतून उगवतात हे सिद्ध झाल्यावरही ते नाव कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत आणि डॉक्टरांच्या तोंडी टिकून होतं.

कर्करोग म्हणून फसवणाऱ्या गाठींमध्ये पहिला मान अँजिओमायोलायपोमाचा. रक्तवाहिन्या, स्नायूचे तंतू आणि चरबी या तिन्हींची मिळून ही गाठ बनते. डॉक्टर तिला एएमएल म्हणतात. रक्ताच्या एका गंभीर कर्करोगाचंही लघुरूप एएमएलच आहे, त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन रात्री मोबाइलवर शोधाशोध करणाऱ्या नातेवाइकांना विनाकारण धक्का बसतो. रिपोर्ट देतानाच हा फरक सांगून टाकायला एक मिनिटही लागत नाही, आणि ते सांगायलाच हवं.

या गाठीची ओळख तिच्यातल्या चरबीवरून पटते. सीटी स्कॅनमध्ये घनता मोजण्याचं एकक गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखलं जातं. सीटी स्कॅनच्या शोधासाठी त्यांना १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. या मोजपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे हजारावर असते. चरबी पाण्याहून हलकी असल्याने तिचा आकडा शून्याखाली जातो. काँट्रास्ट न देता काढलेल्या पातळ कापांमध्ये गाठीचा एखादा भाग उणे दहाच्या खाली गेला, तर तिथे चरबी आहे आणि गाठ बहुतेक एएमएल आहे असं मानतात. अपवाद असतोच. कर्करोगाच्या एखाद्या गाठीतही क्वचित चरबी सापडते. त्यामुळे चरबीबरोबर कॅल्शियमचे कणही दिसले, तर अनुभवी रेडिओलॉजिस्ट सावध होतो, कारण एएमएलमध्ये कॅल्शियम सहसा साठत नाही.

खरी पंचाईत होते ती चरबी जवळजवळ नसलेल्या एएमएलमुळे. एकूण एएमएलपैकी साधारण पाच टक्के अशा असतात. त्यांच्यात स्नायू आणि रक्तवाहिन्याच जास्त असल्याने स्कॅनवर त्या कर्करोगाच्या छोट्या गाठीसारख्या दिसतात. या गाठी बायकांमध्ये जास्त आढळतात. शंका राहिली तर बायोप्सीच्या तुकड्यावर विशेष रंगद्रव्यांची तपासणी करावी लागते. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींची एचएमबी-४५ ही खूण एएमएलच्या पेशींतही उमटते. किडनीच्या नेहमीच्या कर्करोगात ती उमटत नाही. एएमएलचा एपिथेलॉइड नावाचा उपप्रकार मात्र क्वचित कर्करोगासारखा पसरू शकतो. तेव्हा 'एएमएल म्हणजे काळजी नको' असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही.

साध्या एएमएलचा धोका वेगळाच आहे. तिच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत असतात, त्यांना फुगे येतात आणि ते फुटू शकतात. चार सेंटिमीटरपुढच्या गाठीत ही भीती वाढते, गरोदरपणात आणखी वाढते. अचानक कुशीत असह्य कळ, रक्तदाब कोसळणं, पोटामागच्या पोकळीत रक्त साचणं या अवस्थेला वुंडरलिख सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी घालून रक्तस्राव करणारी वाहिनी बंद करता येते आणि पुष्कळदा किडनी वाचते.

काही रुग्णांत या गाठी दोन्ही किडन्यांत, डझनांनी असतात. त्यामागे बहुतेक वेळा ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असतो. १८८० साली पॅरिसमध्ये देजिरे-मॅग्लॉआर बूर्नव्हील यांनी त्याचं वर्णन केलं, ते फिट्स येणाऱ्या एका मुलीच्या शवविच्छेदनावरून. तिच्या मेंदूत कडक गाठी होत्या आणि किडन्यांतही. आज आपल्याला माहीत आहे की टीएससी-१ किंवा टीएससी-२ या जनुकात बिघाड झाला की पेशींची वाढ आवरणारा लगाम सुटतो. त्याच ठिकाणी काम करणाऱ्या एव्हरोलिमस या औषधाला २०१२ साली अमेरिकेत या गाठींसाठी मंजुरी मिळाली. गोळीने गाठी आकसतात. बंद केली की पुन्हा वाढू लागतात. अशा रुग्णाची किडनी कर्करोग समजून काढून टाकणं ही फार मोठी हानी आहे, कारण दुसऱ्या किडनीतही गाठी आहेतच, आणि त्याला पुढचं सगळं आयुष्य तिच्यावर काढायचं असतं.

ऑन्कोसायटोमाची गोष्ट निराळी. एएमएल निदान चरबीवरून ओळखू तरी येते. ऑन्कोसायटोमा स्कॅनवर हुबेहूब कर्करोगासारखाच दिसतो. काढलेल्या किडनीच्या गाठींपैकी तीन ते सात टक्के या प्रकारच्या निघतात. १९४२ साली झिपेल यांनी अशा गाठीचं पहिलं वर्णन केलं, पण ती स्वतंत्र आणि साधी गाठ आहे हे १९७६ मध्ये क्लाइन आणि व्हॅलेन्सी यांनी तेरा रुग्णांची माहिती मांडली तेव्हा कुठे सर्वमान्य होऊ लागलं. तोवर अशा कित्येक गाठी कर्करोग म्हणूनच नोंदल्या गेल्या असणार.

कापून पाहिली तर ही गाठ महॉगनीसारखी तांबूस तपकिरी असते. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. ऊर्जा तयार करणाऱ्या या सूक्ष्म घटकांमुळेच तिला तो रंग येतो. साधारण एक तृतीयांश गाठींच्या मध्यभागी ताऱ्यासारखा व्रण असतो. हा व्रण दिसला की गाठ साधी, असं एकेकाळी समजलं जाई. पण कर्करोगाच्या गाठीचा मधला भाग सडला तरी स्कॅनवर तसाच ठसा उमटतो. सूक्ष्मदर्शकाखालीही काम सोपं नाही. क्रोमोफोब या कर्करोगाच्या पेशी ऑन्कोसायटोमाशी इतक्या जवळच्या असतात की सुईने काढलेल्या बारीक तुकड्यावरून दोघांना वेगळं करताना मुरलेला पॅथॉलॉजिस्टही कधी कधी 'ऑन्कोसायटिक गाठ' एवढंच लिहून थांबतो. तो उत्तर टाळत नसतो. हातातला पुरावा जिथवर नेतो तिथवरच जाणारा रिपोर्ट मला तरी छातीठोक पण चुकीच्या रिपोर्टापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

मायटोकॉन्ड्रियांच्या या गर्दीचा उपयोग करून घेणारी एक तपासणी गेल्या दशकात पुढे आली आहे. हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या न्यूक्लिअर स्कॅनसाठी सेस्टामिबी नावाचं किरणोत्सारी द्रव्य फार पूर्वीपासून वापरतात. ते मायटोकॉन्ड्रियांत जाऊन साठतं. म्हणून ऑन्कोसायटोमा त्या स्कॅनमध्ये उजळ दिसतो आणि बहुतेक कर्करोगाच्या गाठी मंद राहतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं. क्रोमोफोबच्या काही गाठीही हे द्रव्य शोषतात, त्यामुळे या तपासणीवर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही. पण सुई घालण्याजोगी जागा नसेल तेव्हा तिचा आधार मोठा.

ऑन्कोसायटोमा एकाहून जास्त असतील, तर डॉक्टरांनी चेहरा नीट पाहावा आणि घरच्यांविषयी विचारावं. नाक-गालांवर बारीक पांढुरक्या फोडी, फुप्फुसात पोकळ्या, घरात कोणाचं तरी फुप्फुस अचानक फुटलेलं, असं असेल तर तो बर्ट-हॉग-डुबे सिंड्रोम असू शकतो. १९७७ साली कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी तो वर्णिला. त्यात ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब यांचं मिश्रण असलेल्या गाठी होतात आणि आयुष्यभर देखरेख लागते.

आपल्याकडच्या रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नकली कर्करोग मात्र गाठच नव्हे. तो जुनाट जंतुसंसर्ग आहे. झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस हे त्याचं लांबलचक नाव, एक्सजीपी हे बोलण्यातलं. १९१६ साली श्लागेनहाउफर यांनी त्याचं वर्णन केलं. बहुतेक वेळा आत वर्षानुवर्षं राहिलेला मोठा मुतखडा असतो, हरणाच्या शिंगासारखा किडनीभर फाटे फुटलेला. लघवीची वाट अडते, मागे प्रोटिअस किंवा ई. कोलाय जंतू वाढतात, पू साचतो. तो निस्तरायला शरीराने पाठवलेल्या भक्षक पेशी चरबी गिळून फुगतात आणि किडनी आतून पिवळी, घट्ट आणि विद्रूप होते. सीटीवर फुगलेले भाग अस्वलाच्या पंजासारखे दिसतात, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्याला 'बेअर पॉ' म्हणतात. किडनीचा एखादाच भाग असा झाला असेल आणि खडा दिसत नसेल, तर त्यावर कर्करोगाचाच शिक्का बसतो. लहान मुलांत हाच आजार विल्म्स ट्यूमर, म्हणजे मुलांना होणारा किडनीचा कर्करोग, समजला गेल्याची उदाहरणं आहेत.

गोंधळ इथेच थांबत नाही. हा संसर्ग किडनीच्या आवरणाबाहेर पडून पाठीच्या स्नायूंत, आतड्यापर्यंत, कधी कातडीपर्यंत वाट काढतो, म्हणजे पसरलेल्या कर्करोगासारखाच वागतो. रुग्ण अशक्त झालेला असतो, ताप येत-जात असतो, रक्त कमी झालेलं असतं, वजन घटलेलं असतं. कापलेला पिवळा भाग डोळ्यांना क्लिअर सेल कर्करोगासारखा दिसतो, आणि चरबीने फुगलेल्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखालीही घाईत पाहणाऱ्याला चकवतात. मध्यमवयीन, मधुमेह असलेल्या, वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बायकांत हा आजार जास्त दिसतो. खडा दुखायचा थांबला म्हणून वर्षानुवर्षं तपासणी न करणाऱ्या बायका आपल्या ओळखीत सगळ्यांच्याच असतात. खडा शांत झाला म्हणजे निघून गेला असं नसतं, हे त्यांना आपणच सांगायला हवं.

एक्सजीपीत ती किडनी बहुतेक वेळा निकामी झालेली असते आणि काढावीच लागते. मग आधी निदान झालं काय नि नाही काय, फरक काय पडतो, असा प्रश्न येईल. फरक मोठा आहे. आधी कळलं तर अँटिबायोटिक देऊन, पू नळीने बाहेर काढून, साखर आटोक्यात आणून मग शस्त्रक्रिया करता येते. किडनी आतड्याला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असणार, हे सर्जनला माहीत असतं. आणि मुख्य म्हणजे, त्या बाईला कर्करोगाची रुग्ण म्हणून जगावं लागत नाही.

किडनीचा क्षयरोग याच घरातला. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे इथे तो लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. लघवीत पू-पेशी भरपूर, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, ही त्याची जुनी ओळख. किडनीत क्षयाची गाठ तयार झाली तर ती स्कॅनवर कर्करोगासारखी दिसू शकते. लघवीत क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी आणि गरज पडल्यास सुई, एवढ्यावर निदान होऊ शकतं, आणि उपचार मुख्यतः गोळ्यांचा असतो.

आता दोन अगदी दुर्मीळ गाठी. पहिली रेनिनोमा. किडनीतल्या ज्या पेशी रेनिन नावाचं संप्रेरक सोडतात त्यांचीच ही गाठ. १९६७ मध्ये रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. रुग्ण बहुधा तरुण असतो, डोकं सतत दुखतं, तीन-तीन गोळ्या देऊनही बीपी उतरत नाही, रक्तातलं पोटॅशियम कमी असतं. गाठ लहान असते आणि सोनोग्राफीत निसटू शकते. सापडलीच तर कर्करोग समजून काढली जाते. खरं निदान आधी झालं तर नुसती गाठ काढून किडनी वाचवता येते आणि बीपी बहुतेकांचं पूर्ववत होतं. विशी-पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीला इतकं बीपी असेल, तर 'टेन्शन असेल' म्हणून सोडून देऊ नये. रेनिनची पातळी पाहायला सांगावं.

दुसरी मेटानेफ्रिक अ‍ॅडेनोमा. ही बायकांत जास्त, साधारण पन्नाशी-साठीत दिसते, आणि काही रुग्णांत हिमोग्लोबिन वाजवीपेक्षा वाढवते. तिच्या पेशी गर्भातल्या किडनीच्या पेशींसारख्या असल्याने पॅथॉलॉजिस्टला एकीकडे विल्म्स ट्यूमरची, दुसरीकडे पॅपिलरी कर्करोगाची शंका येते. २०१२ मध्ये असं आढळलं की यांतल्या जवळपास नव्वद टक्के गाठींत ब्राफ या जनुकात व्ही-६००-ई हा एकच ठराविक बदल असतो. हाच बदल त्वचेच्या मेलानोमा कर्करोगातही सापडतो, आणि इथे मात्र तो एका साध्या गाठीची खूण ठरतो!

काही वेळा तर गाठ नसतेच. किडनीच्या बाह्य थराचा भाग आत घुसलेला असतो, त्याला बर्टिनचा स्तंभ म्हणतात. किंवा प्लीहेच्या दाबाने डाव्या किडनीला उंचवटा आलेला असतो. सोनोग्राफीत हे भाग गाठीसारखे भासतात, पण काँट्रास्ट दिल्यावर शेजारच्या किडनीसारखेच वागतात. पहिल्या सोनोग्राफीवर घाबरून जाऊ नये, ते यासाठीही.

बायोप्सीविषयी आपल्याकडे एक भीती खोलवर बसली आहे: गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. किडनीची बायोप्सी आज बाहेरच्या एका नळीतून आत दुसरी सुई नेऊन करतात, आणि सुईच्या वाटेने पेशी पसरल्याची उदाहरणं फारच तुरळक आहेत. पहिल्या प्रयत्नात दहा-पंधरा टक्के वेळा पुरेसा तुकडा मिळत नाही, ही मर्यादा खरी. प्रत्येकाला बायोप्सी हवीच असंही नाही. मोठी, स्पष्टपणे कर्करोगाची दिसणारी गाठ असेल तर थेट शस्त्रक्रियाच योग्य. पण गाठ लहान असेल, किडनी एकच असेल, वय झालेलं असेल, पूर्वी दुसरा कर्करोग होऊन गेला असेल, किंवा लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाची, शंका असेल, तर सुईआधी सुरी चालवण्याचं कारण काय, हे सर्जनला जरूर विचारावं. लिम्फोमावर केमोथेरपी चालते, आयजीजी-४ नावाच्या दाहाच्या आजारात स्टेरॉइडने गाठी विरघळतात. तिथे किडनी काढून हाती काहीच लागत नाही.

अख्खी किडनी गमावण्याची किंमत नंतर कळते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून २००६ साली आलेल्या अभ्यासात चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेले ६६२ रुग्ण होते. शस्त्रक्रियेआधीच त्यांच्यातल्या २६ टक्क्यांची किडनी अधू होती. फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्क्यांची किडनी पुरेशी काम करत होती; अख्खी किडनी काढलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. मधुमेह आणि बीपी घरोघरी असलेल्या आपल्या समाजात हे आकडे हलक्यात घेण्यासारखे नाहीत. लहान गाठ दर काही महिन्यांनी स्कॅन करून नजरेखाली ठेवणं हाही आता मान्य मार्ग आहे, विशेषतः वयस्कर रुग्णांत. अशा गाठी वर्षाला सरासरी पाव-तृतीयांश सेंटिमीटर वाढतात. ऑन्कोसायटोमाही वाढतो, त्यामुळे नुसत्या वाढीवरून कर्करोग ठरवता येत नाही.

काही गाठींच्या बाबतीत तर वैद्यकानेच आपला निकाल मागे घेतला आहे. अनेक कप्प्यांची, पाण्याने भरलेली एक गाठ पूर्वी कर्करोगांत धरली जाई. ती पुन्हा उद्भवत नाही आणि पसरत नाही असं दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात तिच्या नावातून 'कार्सिनोमा' काढला. २०२२ च्या आवृत्तीत क्लिअर सेल पॅपिलरी गाठीच्या बाबतीत तेच झालं. यांपैकी एखादं जुनं नाव ज्यांच्या फाइलमध्ये आहे, त्यांनी पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा वाचून घ्याव्यात. मेणाच्या ठोकळ्यात जपलेला तुकडा पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं राखून ठेवलेला असतो आणि लेखी अर्ज केला की दुसऱ्या मतासाठी मिळू शकतो.